शेवटच्या पानावरची बारीक ओळ

घरी येणारं कुठलंही मराठी दैनिक घ्या आणि शेवटचं पान उघडा. अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ सापडेल. हे वृत्तपत्र अमुक मालकासाठी तमुक मुद्रक-प्रकाशकाने या छापखान्यात छापलं, या पत्त्यावर प्रसिद्ध केलं, संपादक फलाणे. संपादकाच्या नावापुढे बऱ्याचदा एक फुली असते आणि खाली खुलासा असतो की कायद्यानुसार मजकुराच्या निवडीची जबाबदारी यांची. पेपरवाल्यांच्या भाषेत ही 'प्रिंटलाइन'. वाचक ती कधी वाचत नाही. वकील मात्र पेपर हातात आला की आधी तीच बघतो.

ही ओळ सक्तीची झाली १८६७च्या कायद्याने. सत्तावनच्या उठावाला दहा वर्षं झाली होती आणि कोण, कुठे, काय छापतंय हे सरकारला कळायला हवं होतं. २०२३मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला, तो १ मार्च २०२४पासून लागू झाला. कायदा बदलला तरी छापलेल्या मजकुराला नाव-गाव असलंच पाहिजे, हे काही बदललं नाही.

मला या ओळीत एक गंमत दिसते. ज्या ओळीमुळे सरकारला संपादक सापडतो, त्याच ओळीमुळे तो तुम्हालाही सापडतो. तुमच्याबद्दल खोटंनाटं छापून आलं तर जाब कुणाला विचारायचा, हे तिथेच लिहिलेलं असतं.

दर ६ जानेवारीला गावोगावी पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' सुरू केलं. शाल-श्रीफळ होतं, मग प्रमुख पाहुणे उठतात आणि हमखास म्हणतात, 'पत्रकारांना स्वातंत्र्य हवंच, पण त्यासोबत जबाबदारीही हवी.' टाळ्या पडतात. वाक्य खरंच आहे, पण त्यात एक शब्द गाळलेला असतो: जबाबदारी कुणाला? सरकारला, मालकाला, कोर्टाला, की पेपर विकत घेणाऱ्या माणसाला? पाहुणे आमदार असले तर त्यांच्या मनातलं उत्तर बहुधा वेगळं असतं, समोर बसलेल्या बातमीदाराच्या मनातलं वेगळं. या लेखात आपण तो गाळलेला शब्द शोधू.

डोंगरीचे १०१ दिवस

सुरुवात १८८२च्या कोल्हापूर प्रकरणापासून करू, कारण आजचे बहुतेक पेच त्यात आधीच येऊन गेले आहेत.

'केसरी' निघून जेमतेम वर्ष झालं होतं. आगरकर संपादक होते. इंग्रजी 'मराठा'ची धुरा टिळकांकडे होती. तिकडे कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागलं आहे असं सांगून पहाऱ्यात ठेवलं होतं आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांना वेड लागलेलं नाही, त्यांचा छळ चाललाय, अशी कुजबुज पुण्यापर्यंत पोचली. दोन्ही वृत्तपत्रांनी बर्वे यांच्यावर जळजळीत लिहिलं आणि त्यांचा डाव उघड करणारी म्हणून काही पत्रं पुरावा म्हणून पुढे आली.

बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. या खटल्यात त्यांना जामीन मिळावा म्हणून जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे पुढे आले, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मतं जुळत नव्हती, तरी अडचणीत हात पुढे झाला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा मृत्यू झाला. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत.

म्हणजे पुण्यातल्या संपादकांची शंका अगदीच अनाठायी नव्हती, पण हातात आलेला कागद खोटा होता. आजही एखाद्या बातमीदाराला एखादी गोष्ट आतून पक्की ठाऊक असते, पण कोर्टात दाखवायला त्याच्याकडे असतो फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो. 'मला माहीत आहे' आणि 'मी दाखवू शकतो' या दोन वाक्यांमधल्या दरीत आजवर बरेच चांगले पत्रकार पडले आहेत.

आता २६ वर्षं पुढे या. १९०८मध्ये टिळकांवर पुन्हा खटला झाला, या वेळी राजद्रोहाचा. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या लेखांसाठी. तिथे बनावट पत्र नव्हतं, कुणा एका माणसाची अब्रू गेली नव्हती. सरकारला लेखातलं मत रुचलं नव्हतं. शिक्षा झाली सहा वर्षांची आणि तीही मंडालेला.

दोन्ही वेळा संपादक गजाआड गेला, पण दोन घटना एका जातीच्या नाहीत. पहिल्यात ज्याच्याविषयी लिहिलं त्या माणसाने 'दाखव पुरावा' म्हटलं. दुसऱ्यात सत्तेने 'बोलतोस कसा' म्हटलं. पत्रकारितेवरच्या कुठल्याही खटल्याची बातमी वाचताना मी आधी हेच चाचपून बघतो: यातला प्रश्न पहिला की दुसरा? अडचण अशी की दुसरा प्रश्न बरेचदा पहिल्याचे कपडे घालून येतो.

कायद्यात काय आहे

राज्यघटना उघडली तर 'वृत्तपत्र-स्वातंत्र्य' असा वेगळा हक्क सापडत नाही. घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांचं म्हणणं असं होतं की वृत्तपत्र म्हणजे नागरिकच; नागरिकाला बोलण्याचा जो हक्क आहे तोच संपादकाला आहे, वेगळा उल्लेख नको. म्हणजे चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून नगरसेवकाला नावं ठेवणाऱ्या माणसाला जेवढा हक्क, तेवढाच अग्रलेख लिहिणाऱ्याला. जास्त नाही, कमीही नाही. एखाद्या बातमीदाराला हटकताना 'तू कोण मोठा पत्रकार लागून गेलास' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायला हवं, आणि गाडीवर 'प्रेस' लिहून सिग्नल तोडणाऱ्यालाही.

हा हक्क कलम १९(१)(क)मध्ये आहे, आणि त्याला कुठे आवर घालता येतो त्याची यादी लगेच १९(२)मध्ये आहे. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. एवढंच. ही यादी बंद डब्यासारखी आहे. तिच्या बाहेरचं कारण कितीही गोड असलं तरी सरकारला ते वापरून लिहिणाऱ्याचा हात धरता येत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. त्याचा कस पुण्याच्याच एका पेपरने लावला. १९६०च्या सुमारास नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' सात नव्या पैशांना मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून एकंदर ३४ पानं. केंद्र सरकारने आदेश काढला की पेपरने किती पानं द्यायची ते त्याच्या किमतीवर ठरेल. हिशेब केला तर सात पैशांत सहा दिवसांची २४च पानं बसत होती. जादा पानं द्यायची तर किंमत वाढवा. जाहिरातींच्या जागेवरही सरकार मर्यादा घालू शकणार होतं.

सरकारचा हेतू ऐकायला वाईट नव्हता. मोठे पेपर स्वस्तात भरपूर पानं देतात, त्यात जिल्ह्यातले छोटे पेपर मरतात, त्यांना वाचवायचं आहे, असं कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये आदेश रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. त्यातला तर्क साधा आहे. पानं कमी केली तर मजकूर कमी पोचतो. किंमत वाढवली तर वाचक कमी होतात, म्हणजे पुन्हा मजकूर कमी लोकांपर्यंत पोचतो. बोलण्याच्या हक्कात, ते बोलणं किती लोकांपर्यंत पोचावं हेही येतं. आणि छोट्यांना वाचवण्यासाठी मोठ्यांचं बोलणं कमी करणं हे १९(२)च्या यादीत नाही.

मला हा निकाल फार आवडतो, कारण त्याने एक गोष्ट ओळखली: पेपरचा गळा धरायला पोलीसच लागतो असं नाही. कागद, पानं, किंमत, जाहिरात यांच्यावर हात ठेवला तरी पुरतं. १९७२मध्ये वृत्तपत्रांच्या कागदाच्या वाटपावरून असाच खटला पुन्हा झाला आणि तिथेही सरकार हरलं.

आणीबाणीत मात्र पोलीसच आला, सेन्सॉरचा शिक्का घेऊन. छापण्याआधी मजकूर दाखवायचा, तो खोडेल ते गाळायचं. जून १९७५च्या अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त लोकशाही वारल्याची श्लेषाने भरलेली छोटी जाहिरात निधनवार्तांमध्ये छापून आली. सेन्सॉरला ती कळलीच नाही. मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जिंकले. सगळ्या पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं लावायला भाग पाडणं हे सेन्सॉरचं काम नाही, अशा आशयाचं न्यायालयाने लिहिलं. त्या दिवसांत हे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना दाद द्यावी लागते.

आणीबाणीतच सरकारने आणखी एक काम केलं. प्रेस कौन्सिल बरखास्त केलं. पत्रकारांवर बंधन घालायला निघालेल्या सरकारला पत्रकारांना जाब विचारणारी संस्था मात्र नकोशी झाली. कारण ती संस्था सरकारलाही विचारू शकत होती.

जाब विचारायचा कुठे

हे प्रेस कौन्सिल म्हणजे काय? पहिल्या प्रेस आयोगाने, न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली, १९५४मध्ये अशी संस्था सुचवली. ती १९६६मध्ये सुरू झाली, १९७६मध्ये गेली, १९७८च्या कायद्याने परत आली. एक अध्यक्ष, रिवाजाने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि २८ सदस्य. त्यात १३ संपादक व पत्रकार, बाकी मालक, खासदार आणि वकील, शिक्षण, साहित्य या क्षेत्रांतून आलेले.

तिचा अधिकार किती? ताकीद देणं, ठपका ठेवणं आणि तो छापायला सांगणं. दंड नाही, तुरुंग नाही. टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही. 'बिनदातांचा वाघ' असं तिला म्हणायची पद्धत आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. दात बसवायला हवेत हे खरं, पण बसवणार कोण आणि चावायला कुणाला सांगणार, हे ठरल्याशिवाय मी सही करणार नाही. पेपर बंद करण्याचा अधिकार असलेलं मंडळ उद्या कुणाच्या ताब्यात जाईल, याचा नेम नाही.

बातम्यांच्या वाहिन्यांनी संघटना काढून आपली आपली व्यवस्था केली आहे. सभासद वाहिन्यांविरुद्धची तक्रार निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती ऐकते. तिला एक लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. दहा सेकंदांच्या जाहिरातीचे दर बघितले तर हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम अपुरी असल्याचं बोलून दाखवलं. शिवाय संघटना सोडली की समितीही सुटली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही पुण्याचंच. सप्टेंबर २००८मध्ये 'टाइम्स नाऊ' वाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायाधीशांऐवजी नावात साधर्म्य असलेल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. सुमारे १५ सेकंद. सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, शिवाय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. चूक लक्षात आणून दिल्यावर फोटो काढला गेला, पण वेळेवर आणि ठळक दिलगिरी आली नाही, ही त्यांची तक्रार होती. पुण्याच्या न्यायालयाने २०११मध्ये १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. अपील ऐकण्यासाठी २० कोटी रुपये भरा आणि ८० कोटींची हमी द्या, असं उच्च न्यायालयाने सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

एकीकडे एक लाख, दुसरीकडे १०० कोटी. मधलं काहीच नाही. मोठी वाहिनी असला फटका पचवते. तालुक्यातलं साप्ताहिक नुसत्या १० लाखांच्या नोटिशीने शटर ओढतं. आणि नोटीस पाठवणारा प्रत्येक जण सावंतांसारखा खरोखर दुखावलेला असतोच असं नाही.

इथे अब्रूनुकसानीच्या कायद्याबद्दल दोन ओळी. दावा दिवाणी असतो तेव्हा पैशांचा प्रश्न. फौजदारी असतो तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ४९९-५०० कलमांत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फौजदारी तरतूद वैध ठरवली. आश्चर्य वाटेल, पण फौजदारी खटल्यात 'मी लिहिलं ते खरं आहे' एवढं पुरत नाही. ते लोकहितासाठी लिहिलं हेही पटवावं लागतं. दुसऱ्या बाजूला, १९९४च्या एका निकालाने सरकारी पदावरच्या माणसांबाबत पत्रकारांना थोडी उसंत दिली आहे. त्यांच्या सरकारी कामाबद्दल लिहिताना चूक झाली तरी, खऱ्या-खोट्याची पर्वा न करता लिहिलं असं सिद्ध झालं तरच भरपाई. वाजवी पडताळणी केली असेल तर पत्रकार सुटतो. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात निकाल लागेपर्यंतच्या तारखा, वकिलाची फी आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचा एसटीचा प्रवास यांनीच माणूस वाकतो.

पॅकेज

आतापर्यंत सरकार आणि कोर्ट झालं. मालकाविषयी बोलायचं राहिलं, आणि मला वाटतं आपल्याकडची खरी गाठ तिथेच आहे.

२००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत काही वाचकांना एक चमत्कार दिसला. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या मराठी पेपरांत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर कौतुकाचे लेख आले. काही लेख शब्दन् शब्द तेच, खाली नावं मात्र वेगळी. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरात गेला. बातमीच्या वेशातली जाहिरात. पैसे मोजले गेले असतील तर ना पावती, ना वाचकाला पत्ता. पेपरांच्या कचेऱ्यांमध्ये याला 'पॅकेज' म्हणत. चव्हाण यांनी पैसे दिल्याचं नाकारलं. निवडणूक आयोगाने त्यांच्या खर्चाच्या हिशेबावर बोट ठेवलं, पण आयोगाची ती कारवाई २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना मात्र पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल २०११मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

सगळ्यात बोलकी गोष्ट पुढची. प्रेस कौन्सिलने या प्रकाराच्या चौकशीला दोन पत्रकारांची समिती नेमली. तिने ७१ पानांचा, पेपरांची नावं घेणारा अहवाल दिला. २०१०मध्ये कौन्सिलने त्याऐवजी बोथट केलेला छोटा अहवाल स्वीकारला. मूळ ७१ पानं लोकांसमोर आली ती माहिती अधिकारात, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११मध्ये. दिवसरात्र इतरांकडे कागद मागणाऱ्या धंद्याने स्वतःचा कागद दडपला आणि तो काढायला वाचकांचंच हत्यार लागलं.

हे फक्त निवडणुकीपुरतं नाही. दैनिकाचा छपाईखर्च त्याच्या किमतीतून कधीच निघत नाही. फरक भरून काढते जाहिरात. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाममात्र किंवा नाहीच, मानधन बातमीमागे, आणि खरी कमाई जाहिरातीवरच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी अंक, नेत्याचा वाढदिवस, पतसंस्थेची वार्षिक सभा. सकाळी ज्याच्या वाळूच्या डंपरची बातमी द्यायची, दुपारी त्याच्याकडेच अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचं. या माणसाला स्वातंत्र्य घटनेने दिलं आहे. कॅशबुकाने दिलेलं नाही. बातमी 'मारली' जाते तेव्हा नव्वद टक्के वेळा वरून फोन येत नाही. तो स्वतःच ती लिहीत नाही. (नव्वद हा आकडा माझा, मोजलेला नाही, पण डेस्कवर बसलेल्या कुणालाही विचारा.)

आणि जो लिहितो त्याचं काय? ६ फेब्रुवारी २०२३. राजापूर. 'महानगरी टाइम्स'चे शशिकांत वारिशे बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहीत होते. ज्याच्याविषयी त्या सकाळी बातमी छापून आली, त्यानेच दुपारी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली, असा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी वारिशे गेले. त्याआधी जून २०११मध्ये मुंबईत पवईला गुन्हेगारी जगतावर लिहिणारे ज्योतिर्मय डे यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. त्या खटल्यात २०१८मध्ये छोटा राजनला जन्मठेप झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध देशातला पहिला कायदा संमत केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा होता, तरी राजापूर घडलं.

'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या २०२५च्या वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या यादीत १८० देशांत भारत १५१वा होता. सरकार म्हणतं मोजणीच चुकीची, विरोधक म्हणतात हीच खरी परीक्षा. मला त्या क्रमांकापेक्षा तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन आणि त्याच्या डोक्यावरच्या केसेस मोजलेल्या आवडतील.

खरं-खोटं सरकारने ठरवावं का

एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने नियम आणला: केंद्र सरकारच्या कामाबद्दल इंटरनेटवर आलेली माहिती खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी आहे का, हे सरकारचाच तथ्य-तपासणी विभाग ठरवेल. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. मग तिसरे, न्यायमूर्ती अतुल चांदुरकर, यांनी सप्टेंबरमध्ये नियम घटनाबाह्य ठरवला.

खोट्या बातम्या हा खरा त्रास आहे, त्यावर वाद नाही. पण सासूच्या स्वयंपाकाला मार्क द्यायला सासूलाच बसवलं तर सुनेने काय बोलायचं? सरकारला खुलासा करायला कुणी अडवलेलं नाही. माहिती खात्याचे शेकडो हात आहेत, पत्रकार परिषद घ्या, कागद दाखवा. लोक वाचतील आणि ठरवतील.

तुमच्याबद्दल चुकीचं छापून आलं तर

आता कामाचं. पेपरचा तो अंक जपून ठेवा, वेबसाइट असेल तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. प्रिंटलाइनमधल्या संपादकाच्या नावे पत्र लिहा: कोणतं वाक्य चूक, खरं काय, त्याचा कागद कोणता. रागाचे शब्द टाळा, पोच घ्या. पंधरा-वीस दिवसांत दुरुस्ती आली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांच्या आत. आधी संपादकाला लिहिलं होतं हे तिथे दाखवावं लागतं. वाहिनीबद्दल तक्रार असेल तर घाई करा, आधी वाहिनीला कळवायचं आणि तेही प्रसारणानंतर सात दिवसांत. यूट्यूबवर पोर्टल चालवणाऱ्यांचं मात्र अवघड आहे. तिथे प्रिंटलाइनच नसते. माइकवर लोगो असतो, खाली मोबाइल नंबर असतो, तो कधी लागतो, कधी लागत नाही.

मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होतो. पोषण आहारातून मुलांना बाधा झाल्याची बातमी रात्री फोनवरून आली. गावाच्या नावापुढचं 'खुर्द' मी ऐकलं नाही आणि बातमी लागली ती नुसत्या गावाच्या नावाने. दोन दिवसांनी बुद्रुकचे मुख्याध्यापक कार्यालयात आले. डब्याची पिशवी आणि घडी केलेला अंक. पालकांनी मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. ते ओरडले नाहीत. 'साहेब, आमच्याकडे खिचडी चांगली शिजते हो,' एवढंच म्हणाले. बातमी पहिल्या पानावर चार कॉलम होती. दुरुस्ती गेली सातव्या पानावर, सहा ओळी, वधू-वर जाहिरातींच्या वर. पहिल्या पानावर घ्या म्हणून मी वरिष्ठांकडे गेलो होतो. जागा नाही असं उत्तर मिळालं आणि मी परत जाऊन बसलो.

नंतर त्या भागातल्या एजंटाने सांगितलं, गुरुजींनी त्या दिवशीचे चाळीस अंक रोख पैसे देऊन उचलले होते आणि सातवं पान वर येईल अशी घडी घालून ते घरोघर वाटले होते.